संकेतस्थळाच्या बॅकअपची नोंद: डेटाबेस आधी, फायली नंतर

या टप्प्यात माझ्या संकेतस्थळाच्या बॅकअपची घडी नव्याने बसवून झाली आहे. स्थळ वर्डप्रेसवर चालते, त्यात लेखांपेक्षा छायाचित्रांचा भार मोठा आहे आणि डेटाबेस मायएसक्यूएलचा आहे. आतापर्यंत फायलींची प्रत आणि डेटाबेसचा डम्प (त्यातला सगळा मजकूर एका फाईलीत उतरवणे) ही दोन कामे वेगवेगळ्या वेळी होत असत. आता ती एकाच स्क्रिप्टमध्ये, ठरलेल्या क्रमाने होतात. या नोंदीत मुख्यतः त्या क्रमाविषयी लिहायचे आहे, कारण साधनांची निवड हा त्यामानाने सोपा भाग आहे.

संकेतस्थळाचा आशय दोन ठिकाणी विभागलेला असतो. छायाचित्राची फाईल डिस्कवर असते, तर तिचे शीर्षक, तारीख, मार्ग आणि ती कोणत्या लेखाशी जोडलेली आहे ही माहिती डेटाबेसच्या टेबलांत असते. स्थळ चालू ठेवूनच बॅकअप घ्यायचा असेल, तर या दोहोंची प्रत एकाच क्षणी घेता येत नाही. फायली आधी उचलल्या आणि डम्प नंतर घेतला, तर मधल्या काळात चढवलेल्या छायाचित्राची नोंद डम्पमध्ये येते पण फाईल प्रतीत नसते, आणि पुनर्स्थापना केल्यावर त्या जागी तुटलेले चित्र दिसते. डम्प आधी आणि फायली नंतर घेतल्या, तर मधल्या काळातली फाईल प्रतीत केवळ जास्तीची येते. डेटाबेसमध्ये तिचा उल्लेखच नसल्यामुळे तिचा कोणालाही त्रास होत नाही. म्हणून डेटाबेस आधी. या क्रमातही एक फट उरते: डम्प झाल्यानंतर आणि फायलींची पाळी येण्यापूर्वी एखादे छायाचित्र पुसले गेले, तर नोंद राहते आणि फाईल जाते. मात्र ती फाईल आदल्या दिवसाच्या प्रतीत सापडते, आणि पुसण्याचे काम चढवण्याच्या मानाने विरळच असते, त्यामुळे ही फट मला मान्य आहे. ज्यांच्याकडे स्वतःचा सर्व्हर आहे आणि फायली व डेटाबेस एकाच व्हॉल्यूमवर आहेत, त्यांनी एलव्हीएम किंवा झेडएफएस या साठवण व्यवस्थांचा स्नॅपशॉट (एका क्षणाचे गोठवलेले चित्र) घेतला तर दोन्ही गोष्टी एकाच क्षणाच्या मिळतात. सामायिक होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांची स्थळे असतात तिथे) ही सोय सहसा नसते, आणि तिथे क्रम हाच आधार असतो.

डम्पच्या आतली सुसंगती हा दुसरा प्रश्न. मायएसक्यूएलडम्प (डम्प घेणारा प्रोग्राम) टेबले एकामागून एक वाचतो, आणि वाचन चालू असताना लेखन होत राहिले तर पहिले टेबल एका क्षणाचे आणि शेवटचे दुसऱ्या क्षणाचे होऊ शकते. सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय दिल्यावर संपूर्ण वाचन एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकसंध व्यवहारात) होते, सुरुवातीच्या क्षणाचे चित्र शेवटपर्यंत टिकते आणि वाचकांना स्थळ थांबल्याचे जाणवत नाही. ही हमी इनोडीबी या इंजिनाच्या (टेबल साठवण्याच्या पद्धतीच्या) टेबलांनाच लागू होते. इनोडीबी ५.५ आवृत्तीपासून मूळ निवड झाले असले, तरी जुन्या स्थळांत मायआयसॅम प्रकारची टेबले अजून आढळतात, त्यामुळे इन्फर्मेशन स्कीमामधून (डेटाबेसच्या स्वतःविषयीच्या माहितीतून) प्रत्येक टेबलाचे इंजिन तपासून, उरलेली टेबले इनोडीबीत बदलून मगच मी या पर्यायावर विसंबलो. डम्प चालू असताना टेबलाची रचना बदलली गेली तरीही ही सुसंगती मोडते, म्हणून प्लगइनांचे स्वयंचलित अद्यतन बॅकअपच्या वेळेपासून लांब ठेवले आहे. ट्रिगर (नोंद बदलताच चालणाऱ्या आज्ञा) डम्पमध्ये आपोआप येतात, परंतु स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्ये साठवलेल्या आज्ञावल्या) आणि इव्हेंट (ठरल्या वेळी चालणारी कामे) यांच्यासाठी स्वतंत्र पर्याय द्यावे लागतात, हेही ध्यानात असू द्यावे.

अक्षरांच्या संकेतनाविषयी मराठीत लिहिणाऱ्याने विशेष दक्ष राहावे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, त्यामुळे मायएसक्यूएलच्या जुन्या, तीन बाइटांपुरत्या मर्यादित यूटीएफ-८ मध्ये ते सुखरूप मावते. इमोजी चार बाइटांचे असल्याने तिथे अडतात. खरी अडचण येते ती टेबल लॅटिन-१ (रोमन अक्षरांचे जुने संकेतन) म्हणून घोषित असते आणि प्रत्यक्षात त्यात यूटीएफ-८ चे बाइट भरलेले असतात तेव्हा. स्थळावर मजकूर नीट दिसत राहतो, पण डम्प घेताना त्याचे पुन्हा एकदा रूपांतर होते आणि फाईल उघडल्यावर मराठीच्या जागी स्वरचिन्हे चढवलेली रोमन अक्षरे दिसू लागतात. यासाठी डम्पची फाईल साध्या एडिटरमध्ये उघडून एखादा ओळखीचा परिच्छेद डोळ्यांनी वाचणे हा मी नेमाचा भाग केला आहे.

डम्प पूर्ण झाला की नाही, हे ठरवण्याच्या तीन कसोट्या स्क्रिप्टमध्ये घातल्या आहेत. डम्पचे आउटपुट पाइपने दुसऱ्या आज्ञेकडे पाठवले, की शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) शेवटच्या आज्ञेचाच निकाल सांगते. डम्प अर्ध्यात तुटला तरी पुढच्या जीझिपचे (फाईल दाबून लहान करणाऱ्या आज्ञेचे) काम यशस्वी ठरते. बॅश या शेलमध्ये पाइपफेल हा पर्याय चालू केल्यावर साखळीतले कोणतेही अपयश वर येते, ही पहिली कसोटी. दुसरी कसोटी म्हणजे डम्पची शेवटची ओळ: मायएसक्यूएलडम्प काम संपल्यावर पूर्ण झाल्याची टिप्पणी लिहितो, आणि ती नसेल तर फाईल अपुरी आहे. तिसरी कसोटी आकाराची. कालच्या तुलनेत फाईल लक्षणीय लहान झाली तर स्क्रिप्ट थांबते आणि कळवते. हे कळवणे खरोखर पोहोचते का, हेही तपासावे लागते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली, तेव्हा आवृत्ती न जुळल्यामुळे त्यांचे पीजी-डम्प (पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेसचे डम्प) आधीपासूनच अपयशी ठरत होते, आणि त्या अपयशाच्या ईमेल सूचना प्राप्तकर्त्याच्या सर्व्हरने नाकारल्या होत्या, असे त्यांनीच नंतर सविस्तर जाहीर केले. सुमारे सहा तासांपूर्वीच्या एका एलव्हीएम स्नॅपशॉटवरून त्यांना स्थळ उभे करावे लागले. माझ्या व्यवस्थेत यशाची सूचनाही रोज येते, आणि ती न येणे हाच इशारा मानला जातो.

फायलींकडे वळतो. वर्डप्रेसचा गाभा पुन्हा उतरवून घेता येतो. जपायचे ते डब्ल्यूपी-कंटेंट हे फोल्डर, मांडणीची फाईल आणि सर्व्हरचे नियम. फायलींची प्रत करणारे साधन आरसिंक आणि त्याचा लिंक-डेस्ट पर्याय यांची जोडी मला फार आवडते, कारण न बदललेल्या फायली हार्ड लिंकने (एकाच फाईलीला दुसरे नाव देऊन) जोडल्या जातात आणि प्रत्येक दिवसाचे फोल्डर पूर्ण दिसत असूनही जागा फक्त बदलांची लागते. तरीही आता मी रेस्टिक हे बॅकअपचे साधन वापरतो, ते त्यातल्या एन्क्रिप्शनसाठी आणि तुकड्यांच्या पुनर्वापरासाठी. रेस्टिक फाईलचे आशयानुसार साधारण एक मेबीबाइटचे तुकडे पाडतो आणि आधी साठवलेला तुकडा पुन्हा साठवत नाही. त्याला डम्प देताना तो जीझिप न करता द्यावा. जीझिप केल्यावर सुरुवातीच्या एका ओळीतल्या बदलाने पुढचे सगळे बाइट बदलतात आणि रोजचा डम्प संपूर्ण नवा ठरतो. साधा मजकूर दिला तर बहुतेक तुकडे कालचेच निघतात. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर भांडार (बॅकअप साठवलेली जागा) कायमचे बंद होते, म्हणून तो कागदावर लिहून संगणकापासून दूर ठेवला आहे.

तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत अन्यत्र हा नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला, आणि त्यातल्या 'अन्यत्र'चा अर्थ मी वेगळी इमारत असा धरतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला लागलेल्या आगीत एक इमारत पूर्ण नष्ट झाली, आणि ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांपैकी काहींना परत काहीच मिळाले नाही. दिशाही महत्त्वाची आहे: वेब सर्व्हरकडे भांडारातून पुसण्याचा अधिकार असेल, तर त्यात घुसलेला माणूस बॅकअपही पुसू शकतो. म्हणून वेब सर्व्हरला केवळ भर घालण्याची मुभा आहे, आणि जुन्या प्रती छाटण्याचे काम दुसऱ्या यंत्रावरून होते. रोजच्या ७, आठवड्याच्या ४ आणि महिन्याच्या १२ प्रती राहतात.

पुनर्स्थापनेची चाचणी वेगळ्या आभासी यंत्रावर केली. डेटाबेस भरणे सरळ झाले, पण साधनाच्या आवृत्तीकडे पाहणे गरजेचे आहे. २०२४ च्या मे महिन्यापासून मारियाडीबीचा (मायएसक्यूएलपासून निघालेल्या डेटाबेसचा) डम्प पहिल्याच ओळीत सॅन्डबॉक्सची (धोकादायक आज्ञा रोखणाऱ्या स्थितीची) एक खास आज्ञा लिहितो, आणि डम्प भरणारा जुना क्लायंट प्रोग्राम तिथेच अडतो. चाचणीच्या यंत्रावर स्थळाचा पत्ता बदलावा लागतो, तो डम्पमध्ये शोधून बदलू नये. वर्डप्रेस अनेक मांडण्या पीएचपी भाषेच्या सीरियलाइझ (माहिती एका सलग मजकुरात बांधण्याच्या) स्वरूपात ठेवतो, ज्यात प्रत्येक मजकुरापूर्वी त्याची बाइटांतली लांबी लिहिलेली असते. पत्ता लहानमोठा झाला की लांबी चुकते आणि ती मांडणी वाचलीच जात नाही. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या आज्ञा-साधनाची सर्च-रिप्लेस आज्ञा लांबीही दुरुस्त करते. त्यानंतर डेटाबेसमधील प्रत्येक जोडलेल्या फाईलचा मार्ग डिस्कवर आहे का, हे पाहणारी छोटी स्क्रिप्ट चालवली, आणि एकही नोंद फाईलविना राहिली नाही. क्रमाविषयीचा विचार प्रत्यक्षात उतरलेला पाहून मनापासून समाधान वाटले.

आता बायनरी लॉगचे (डेटाबेसमधील प्रत्येक बदलाच्या नोंदवहीचे) काम हाती घेतले आहे. मायएसक्यूएल ८.० मध्ये तो मुळातच चालू असतो आणि ३० दिवस टिकतो. डम्पमध्ये सोर्स-डेटा या पर्यायाने लॉगमधील नेमकी जागा टिप्पणी म्हणून लिहून ठेवली, तर रात्रीच्या डम्पनंतरचे बदल मायएसक्यूएलबिनलॉग या साधनाने हव्या त्या क्षणापर्यंत पुन्हा चढवता येतात. त्यासाठी बॅकअपच्या वापरकर्त्याला रीलोडचा अधिकार द्यावा लागतो, आणि लॉगच्या फायली दिवसातून अनेकदा बाहेर न्याव्या लागतात. ती वारंवारता किती ठेवावी, हे पुढच्या चाचणीत ठरवणार आहे.