सिल्कच्या स्लिपवर करवती

सिल्कची स्लिप, म्हणजे बारीक बंदांचा सैलसर झगा, घालायची म्हटलं की आपल्याकडे हमखास दोन प्रश्न येतात. "हे आत घालायचं ना गं?" आणि "मग वरून काय घेणार?" पहिल्याला मी उत्तर देत बसत नाही. दुसरा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या विदर्भातच विणलं जातं.

बहुतेक जणी वरून पैठणीचा नाहीतर बनारसी दुपट्टा घेतात. मला ते पटत नाही. स्लिपचं कापड म्हणजे तुतीच्या रेशमाचं सॅटिन, आधीच चकाकणारं. त्यावर जरीचं काम आलं की नजर कुठेच ठरत नाही. शिवाय जरीचा काठ खरबरीत असतो. घसरणारा काठ सारखा वर ओढत राहिलं की सॅटिनचे धागे निघतात, आणि निघालेला धागा परत बसत नाही.

कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, तसं नाही. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढलेल्या अळ्यांचं हे रेशीम. धागा थोडा जाडा, चमक दबलेली, रंग मुळातच मधाकडे झुकणारा. आपल्या भंडाऱ्याकडची करवती साडी याच कोशाची. काठावर करवतीचे दाते, आणि जुन्या धाटणीच्या करवतीत तो काठ सुती, जरीचा नाही. स्लिप अंगावरून ओघळते, कोसा जरा फुगून उभा राहतो. एकाच रेशीम कुळातले हे दोन स्वभाव एकमेकांशेजारी आले की मला फार सुंदर दिसतात.

स्लिपचं ते ओघळणं येतं उरेब कापामुळे. पॅरिसची फॅशन डिझायनर मादलेन व्हिओने हिने १९२० च्या दशकात हा काप गाजवला. कापड ४५ अंशांत तिरकं धरून कापायचं, म्हणजे ते ताणलं जातं आणि अंगाचा आकार घेतं. कापड जास्त लागतं, पण त्यात काटकसर करू नका. मी नागपूरच्या इतवारीतून कापड घेतलं आणि गोकुळपेठेत शिवायला टाकलं, तेव्हा टेलरकाका म्हणाले, "ताई, हे उरेब हाय, घाई नोका करू. रातभर टांगून ठेवा लागते, मंगच खालून दुमडू." बरोबर होतं त्यांचं. दुसऱ्या दिवशी घेर एका बाजूने चांगला बोटभर खाली आला होता. न टांगता दुमडला असता तर तो कायमचा वाकडा राहिला असता.

वरून घ्यायच्या कोशाच्या दुपट्ट्याच्या चुण्या घालू नका. एका खांद्यावर मोकळा सोडा. सेफ्टी पिन सॅटिनला अजिबात लावायची नाही, भोकं राहतात. लावायचीच तर बंदाच्या शिवणीत. उघडे खांदे नको असतील तर पदर विरलेल्या जुन्या कोशाच्या साडीचं लांब, पुढून उघडं जॅकेट शिवून घ्या. साडी ट्रंकेत पडून राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं. गळ्यात ठुशी पुरे. ती गळ्यालगत बसते, त्यामुळे स्लिपचा उतरता गळा मोकळा राहतो.

आपल्या मे महिन्यात हे घालू नका. घामाचे डाग सॅटिनवर लगेच उमटतात. डिसेंबरातल्या रिसेप्शनला मात्र गडद जांभळी किंवा बाटली हिरवी स्लिप आणि वर न रंगवलेला कोसा घेऊन बघा. बारीक थंडीत तो दुपट्टा शालीचंही काम करतो.