डीप-व्ही बोट अपडेट: स्ट्रटचा अँगल आणि बोटीचं नाक

तर मंडळी, माझ्या रिमोटवर चालणाऱ्या डीप-व्ही (खोल व्ही आकाराच्या तळाच्या) बोटीची मोटर बसली, हल (बोटीचं मुख्य शरीर) सील झालं, आता सगळा वेळ मागच्या स्ट्रटवर, म्हणजे प्रॉपेलरचा शाफ्ट धरणाऱ्या ब्रॅकेटवर, चाललाय. बोट ६८० मिमीची, बॅटरीसकट २ किलो, फ्लेक्स शाफ्ट (लवचिक दांडा), ४० मिमीचा दोन पात्यांचा प्रॉप (प्रॉपेलर). गावाबाहेरच्या पाझर तलावात सकाळीच चालवतो, कारण वारा सुटून पाणी हलायला लागलं की बोट अँगलमुळे उडतेय की लाटेमुळे ते काही कळत नाही.

आधी बेसिक. अँगलला प्लस-मायनस म्हणत नाही कारण प्रत्येकजण ते वेगवेगळं धरतो. शाफ्टचं प्रॉपकडचं टोक खाली झुकवलं की जोर पुढे आणि थोडा वर लागतो, ट्रान्सम (बोटीची मागची उभी बाजू) उचलला जातो, नाक खाली बसतं. टोक वर केलं की मागचा भाग दाबला जातो आणि नाक वर. मालवणला स्पीडबोटवाले आउटबोर्ड (मागे लावलेलं इंजिन) ट्रिम करतात, म्हणजे वरखाली झुकवतात ना, तेच काम आपण एलन की घेऊन किनाऱ्यावर करतो.

आता मला जे महत्त्वाचं वाटतं ते. अँगल दिला की प्रॉप बोटीला उचलून धरतो असं सगळे म्हणतात, पण आकडे मांडून बघा. प्लेन होऊन (पाण्यावर उचलून, घसरत) सुसाट चाललेल्या २ किलोच्या बोटीला अंदाजे ४०० ग्रॅम थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) लागतो, त्यात टोक ३ अंश खाली केलं तर सरळ वरचा जोर येतो जेमतेम २१ ग्रॅम. एवढ्याने काय उचलणार? खरं काम करतो तो टॉर्क, म्हणजे नाक वर-खाली फिरवणारा जोर. माझा प्रॉप सीजीच्या (बोटीच्या गुरुत्वमध्याच्या) २५० मिमी मागे आणि ६० मिमी खाली आहे. शाफ्ट तळाला समांतर असला तर थ्रस्टची रेषा सीजीच्या ६० मिमी खालून जाते आणि नाक वर रेटते, ३ अंशाने तीच रेषा १३ मिमी वर सरकते, म्हणजे ४७ मिमीवर येते. नाक वर रेटणारा जोर तेवढा कमी झाला. माझ्या ६०० ग्रॅमच्या बॅटरीच्या भाषेत सांगायचं तर ती ९ मिमी पुढे सरकवल्यासारखं. आणि सुटताना फुल थ्रॉटलला थ्रस्ट चौपट धरला तर तोच अँगल ३५ मिमी सरकवल्याइतका होतो! म्हणून अँगलचा फरक सुटताना एवढा जाणवतो आणि टॉप स्पीडला मात्र बॅटरीची जागा जास्त बोलते. सॅविट्स्की या संशोधकाची १९६४ची प्लेनिंग हलचा हिशोब करायची पद्धत वाचली असेल तर त्यातही थ्रस्टचा कोन आणि त्याचं सीजीपासूनचं अंतर दोन्ही वेगवेगळे धरलेत.

अजून एक, बोट स्वतःच ३-४ अंश नाक वर करून पळते, त्यामुळे तळाला समांतर शाफ्टसुद्धा पाण्याच्या हिशोबाने तेवढाच खाली झुकलेला असतो. टेबलावर शून्य म्हणजे पाण्यात शून्य नाही.

स्ट्रटची उंची हा वेगळाच विषय, तो अँगलमध्ये मिसळू नका. आपला प्रॉप अर्धा पाण्याबाहेर चालतो आणि अँगल नसतानाही तो ट्रान्समला वर ढकलतो. स्ट्रट खाली घेतला की ट्रान्सम वर राहतो, वर घेतला की बसतो.

तलावावर काय दिसलं: टोक ३ अंश खाली ठेवलं की बोट झटकन प्लेनवर येते पण मग तळ जास्त भिजतो, स्पीड पडतो आणि वळताना नाक पाण्यात खुपसते. टोक २ अंश वर केलं तर सरळ लाइनला मोकळी पळते, मात्र थोड्याच वेळात पॉर्पॉइझिंग सुरू, नाक खालीवर खालीवर, आणि थ्रॉटल सोडल्याशिवाय थांबत नाही. सध्या १ अंश खाली ठेवलाय, सुटायला ठीक आणि उड्या बंद.

मोजायला मोबाइलचं ॲप नको, स्ट्रटवर ते नीट टेकतच नाही. बोट सपाट काचेवर तळ समांतर करून ठेवा आणि शाफ्टची उंची ६० मिमी अंतरावर दोन ठिकाणी मोजा, १ मिमी फरक म्हणजे साधारण १ अंश.

आता अँगल तसाच ठेवून स्ट्रट २ मिमी वर घेणार आणि बॅटरी थोडी पुढे. ज्यांच्याकडे साधारण याच साइजची मोनो (एकाच हलची बोट) आहे त्यांनी सीजी ट्रान्समपासून किती आणि स्ट्रट किती खाली ठेवलाय ते नक्की सांगा, दोन्ही आकडे सोबत द्या, नुसत्या अँगलवरून काही ताडता येत नाही.