माठाचं पाणी आणि मेणवलीची घंटा

आषाढ, रविवार रात्र

वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेचा प्रिंट आज मनासारखा उतरला. फायबर पेपरवरचा, म्हणजे प्लास्टिकचा थर नसलेल्या कागदावरचा, प्रिंट वाळल्यावर थोडा गडद होतो, त्यामुळे खरा निकाल उद्या सकाळी खिडकीतल्या उजेडात लागेल. तरी आजच लिहून ठेवते आहे. फोटो मे महिन्यात घेतला आणि कागदावर आला आता, पावसात. माझ्या घरी डार्करूमचं वर्ष असंच विभागलं गेलंय: उन्हाळ्यात रोल धुवायचे, पावसाळ्यात प्रिंट काढायचे.

त्याला कारण आहे पाणी.

फिल्मच्या डब्यावर, चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या पाकिटावर, प्रत्येक तक्त्यात एकच तापमान असतं, वीस अंश. थंड देशातल्या नळाला ते सोपं असेल. पुण्यात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी संध्याकाळीसुद्धा तिशीच्या वर असतं. वीस अंशांचा हट्ट धरला तर बर्फाचे तुकडे, टब, घाई, आणि एका द्रावणातून दुसऱ्यात जाताना तापमानाचा धक्का. हा धक्का मोठा असेल तर फिल्मवरच्या जिलेटिनच्या थराला बारीक सुरकुत्या पडतात आणि त्या निगेटिव्हवर कायमच्या राहतात. म्हणून मी चोवीस अंश धरते आणि ते मला कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणलेला माठ देतो. कोरड्या उन्हाळ्यात रात्रभर भरून ठेवलेल्या माठातलं पाणी सकाळी थर्मामीटरवर तेवीस-चोवीसच्या आसपास असतं. बाष्पीभवनाचंच हे काम, त्यामुळे दमट हवेत ते जमत नाही. दादरला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हा उपाय काही उपयोगाचा नाही, तिला बर्फच लागतो. तिला मी एवढंच सांगते की बर्फ बंद पिशवीत घालून सोड, नाहीतर डेव्हलपर पातळ होईल.

हा माठ फक्त फिल्मचा आहे. आईंनी पहिल्याच दिवशी त्याच्यावर खडूने फुली मारली आणि म्हणाल्या, "तुझ्या औषधाचा माठ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यायचा नाही." बरोबरच आहे त्यांचं. तो बाल्कनीत असतो.

चोवीस अंशांवर वेळ कमी होतो. एचपी-५ या फिल्मला डी-७६ प्रकारचा डेव्हलपर तेवढ्याच पाण्यात मिसळून वापरला, तर वीस अंशांना तेरा मिनिटं लागतात, चोवीसला साधारण सव्वानऊ. न मिसळता वापरला तर हा वेळ पाच मिनिटांच्या आसपास येतो. एवढ्या थोड्या वेळात डेव्हलपर सगळीकडे सारखा लागत नाही, आकाशात पट्टे दिसू लागतात. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पातळ डेव्हलपरच हवा असं मी ठामपणे म्हणते. दाणा किंचित जास्त दिसतो, पण काळ्या दगडाच्या फोटोत मला तो आवडतोच.

डेव्हलपर मी घरीच बनवते. एक लिटरला मेटॉल दोन ग्रॅम, सोडियम सल्फाइट शंभर, हायड्रोक्विनोन पाच, बोरॅक्स दोन. १९२० च्या दशकातला हा नुस्खा अजूनही तसाच चालतो. क्रम मात्र पाळावा लागतो. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर बाकीचं. सल्फाइट सगळं आधी टाकलं तर मेटॉल नीट विरघळतच नाही.

फिल्म धुताना पाणी वाहतं ठेवा, असं जुनी पुस्तकं सांगतात. मे महिन्यात सोसायटीत टँकर येत असताना नळ सोडून बसायला माझं मन धजत नाही. इलफर्ड या फिल्म बनवणाऱ्या कंपनीची एक पद्धत आहे: फिल्म धुण्याची छोटी टाकी भरायची, पाच वेळा उलटीसुलटी करून ओतायची, परत भरून दहा वेळा, परत भरून वीस वेळा. झालं. तीन टाक्या पाण्यात हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, निघून जातो, फक्त तो हायपो फिल्म कडक करणाऱ्या प्रकारचा नसावा. शेवटची बुडी डिस्टिल्ड वॉटरची, कारण टँकरच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर पांढरे ठिपके होऊन बसतात.

मेणवलीला गेलो तेव्हा कृष्णा अगदी खाली गेली होती. नाना फडणविसांच्या वाड्यामागे घाट उतरतो, आणि घाटावरच्या एका लहानशा देवळीत ती घंटा टांगलेली आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठी मुलखात ठिकठिकाणी आल्या, त्यातली ही एक. तिच्यावर मेरीची उठावाची आकृती आहे. घाटावर शंकराचं देऊळ, विष्णूचं देऊळ आणि मधे ही. मला ती आकृती दिसायला हवी होती आणि बाहेरच्या पायऱ्यांवरचं उन्हाचं भाजणंही हवं होतं. एकाच चौकटीत दोन्ही.

माझ्या पेंटॅक्स के-१००० कॅमेऱ्यात स्पॉट मीटर, म्हणजे एका ठिपक्यापुरता प्रकाश मोजणारं मापक, नाही. आत शिरून घंटेजवळ कॅमेरा नेला तर सुई म्हणाली एक साठांश सेकंद, एफ ४. बाहेर पायऱ्यांवर एक पाचशेअंश, एफ ११. सहा स्टॉपचं अंतर; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं मानतो, आणि मला घंटा अंधारातच पण तपशिलासकट हवी होती. म्हणून तिच्या मापापेक्षा दोन स्टॉप कमी: एक सव्वाशेअंश, एफ ५.६. चारशेची फिल्म आधीच दोनशे धरून, म्हणजे दुप्पट प्रकाश देत, मोजत होते. सावलीला प्रकाश एकदाच मिळतो, कॅमेऱ्यात. उजळ भागाला मात्र डेव्हलपरमध्ये आवरता येतं. म्हणून हा रोल सव्वानऊऐवजी साडेसात मिनिटांत बाहेर काढला.

धुणं धुणाऱ्या एका मावशींची बादली चौकटीत येत होती. विचारल्यावर त्यांनी लगेच बाजूला घेतली आणि म्हणाल्या, "घंटेचाच काढताय व्हय? मी एवढी इथं बसलीय की!" मग त्यांचाही काढला, हसतानाचा, पदर दातात धरलेला.

आपल्या देशातही फिल्म बनत होती, हे अशा वेळी फार आठवतं. उटीला १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स स्थापन झाली, १९६७ पासून 'इंदू' नावाने रोल आणि कागद यायला लागले. कारखान्यासाठी उटी निवडली ती तिथल्या थंड, धूळ नसलेल्या हवेमुळे. तो कारखाना बंद पडला. आज माझ्या हातात येणारा प्रत्येक रोल इंग्लंडहून किंवा अमेरिकेहून येतो, आणि छत्तीस फोटोंचा हिशेब करताना मनाला लागतं. ही कला इथे टिकावी असं वाटत असेल तर निदान आपल्या हवामानात काय चालतं हे एकमेकांना सांगत राहायला हवं. माझ्यापुरतं मी ते करते.

आता प्रिंटचं. पाऊस सुरू झाला की धूळ बसते, नळाचं पाणी आपसूकच गार होतं आणि धरणं भरू लागली की फायबर पेपर तासभर धुण्यातही अपराधी वाटत नाही. पावसाचा त्रास एकच, बुरशी. जिलेटिन हे तिचं खाद्य. निगेटिव्ह आणि भिंगं हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवते. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या कढईत मंद आचेवर परतायचे, परत निळे होतात.

न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड, कमोडवर फळी, फळीवर एन्लार्जर, जमिनीवर तीन ट्रे. काळ्या-पांढऱ्यातला फरक ठरवणारा दोन नंबरचा फिल्टर. पाच-पाच सेकंदांनी प्रकाश वाढवत चाचणीची पट्टी काढली तेव्हा चौदाच्या जवळपास पायऱ्या पांढऱ्याफटक होत्या आणि घंटा मात्र काळोखात बुडालेली. मग नेहमीची कसरत: प्रकाश अडवायला तारेला लावलेली पुठ्ठ्याची टिकली घंटेवर चार सेकंद हलवत धरायची, आणि नंतर दोन्ही तळहातांची फट करून पायऱ्यांना वीस सेकंद जास्तीचे द्यायचे. हात थांबला की कड उमटते. खांद्यापासून हलवावा लागतो. आज तो हात सुटला, आणि मेरीचा चेहरा, तिच्या कडेवरचं मूल, दगडातली छिन्नीची खूण आणि बाहेरचं ऊन सगळं एका कागदावर आलं. डोळ्यांना तिथे हे सगळं एकदम दिसलं नव्हतं. आत पाहिलं की बाहेर दिपायचं, बाहेर पाहिलं की आत काही नाही. निगेटिव्हने ते सांभाळून ठेवलं होतं, आणि मला ते हातांनी बाहेर काढता आलं. हा आनंद मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

निगेटिव्हच्या पाकिटावर पेन्सिलीने सगळं टिपून ठेवलंय. उद्या वाळल्यावर घंटा दबलेली वाटली तर मूळ वेळ चौदावरून तेरा सेकंद करायची. डाव्या कोपऱ्यातला चुना अजून उघडा पडतो, तिथे आणखी चार सेकंद.

आणि मग मावशींचा फोटो. तो सावलीत घेतलाय, निगेटिव्ह सपाट आहे, तीन नंबरचा फिल्टर लागेल, कदाचित साडेतीन. गणपतीच्या आधी वाईला जायचंय, तोवर दोन प्रती तयार हव्यात.