तुम्ही विचारलंत म्हणून : किती झाडे लावलीत?

उष्ण प्रदेशातील उजाड झालेले जंगल पुन्हा उभे करण्याचे काम मी करते, हे कळले की समोरच्याचा पहिला प्रश्न हमखास ठरलेला असतो : आतापर्यंत किती झाडे लावलीत? विचारण्यामागे कौतुक असते, म्हणून इतकी वर्षे मी एखादा आकडा सांगून वेळ मारून नेत आले. या वेळी सविस्तर लिहिते, कारण तो आकडा सांगताना मला दर वेळी संकोच वाटतो.

लावणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. पावसाच्या तोंडी पुरेशी माणसे जमली की एका दिवसात शेकडो खड्डे भरतात आणि छायाचित्रेही चांगली येतात. पहिल्या वर्षी आम्ही तेच केले. पुढच्या उन्हाळ्याअखेर मोजणीला गेलो, तेव्हा निम्म्याहून अधिक खड्ड्यांत नुसत्या काड्या उभ्या होत्या. त्यांतली एक ओढली, तर ती अलगद हातात आली, आणि तिच्या तळाशी मुळांचा गोळा पिशवीच्या आकारात तसाच्या तसा होता. रोप रोपवाटिकेत गरजेपेक्षा जास्त दिवस राहिले होते. सोटमूळ पिशवीच्या तळाला अडून गोल गोल फिरत गेले होते, आणि जमिनीत गेल्यावरही त्याला खालची वाट सापडली नव्हती. वरून हिरवेगार दिसत होते, एवढ्यावर आम्ही ते लावले होते. तेव्हापासून रोपे घेताना मी आधी एखादी पिशवी फाडून मूळ पाहते, मग पाने.

उरलेल्यांतली बरीच गवताने मारली. झाडोरा गेलेल्या जमिनीवर उंच गवत माजते, रोपाच्या वाट्याचे पाणी पिते आणि उन्हाळ्यात पेट घेते. या गवतावरचा उपाय ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये वापरात आलेल्या एका पद्धतीत आहे. उत्तर थायलंडमध्ये चियांग माई विद्यापीठातील संशोधकांनी 1994 पासून ती तिथल्या जंगलांसाठी बसवली. त्या जंगलात वाढणाऱ्या 20 ते 30 देशी जाती निवडायच्या. त्या भराभर वाढणाऱ्या, लवकर पसरून गवतावर सावली धरणाऱ्या आणि कोवळ्या वयातच फळणाऱ्या हव्यात. फळांसाठी पक्षी आणि वटवाघळे येतात व जवळच्या जंगलातील शेकडो जातींचे बी विष्ठेतून टाकून जातात. मात्र जवळपास जंगलाचा तुकडा शिल्लक असावा लागतो, आणि पहिले दोन पावसाळे खुरपणी चुकवून चालत नाही. या खुरपणीचे छायाचित्र काढायला अजून कोणी आलेले नाही.

काही ठिकाणी तर लावण्याचीही गरज नसते. पश्चिम आफ्रिकेतील नायजर हा दाट जंगलांचा देश नव्हे, तिथली शेतजमीन कोरडी आहे, पण तिथला धडा मला इथेही उपयोगी पडला. टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ तिथे रोपे लावत होते आणि ती वाळत होती. 1983 च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले, की शेतात झुडपे म्हणून दुर्लक्षिलेली खुरटी वाढ म्हणजे तोडलेल्या झाडांच्या जिवंत बुंध्यांना आलेले फुटवे आहेत. त्यांतले दोन-चार जोमदार ठेवून बाकीचे छाटायचे, एवढेच करायचे होते. ही रीत पुढे सुमारे 50 लाख हेक्टरवर पसरली. मला यातली महत्त्वाची गोष्ट छाटणीहून वेगळी वाटते : कायद्याने झाड सरकारचे होते, त्यामुळे ते राखण्यात शेतकऱ्याला काही मिळत नव्हते, ती पकड ढिली झाली आणि लाकूड, पाला, शेंगा आपल्याच घरात येतील अशी खात्री वाटू लागली, तेव्हा तो फुटवे जपू लागला.

आमच्या माळावर हे मला उशिरा कळले. तिथे आजूबाजूच्या बायका गुरांसाठी गवत कापत असत, आणि आम्ही कुंपण घालून त्यांचीच वाट अडवली होती. कुंपण तिसऱ्यांदा तुटले, तेव्हा मी तक्रार करायला गेले. त्यांनी शांतपणे विचारले, की तुमच्या यादीतले एक तरी झाड गुरे खातात का? नव्हते. माझी सगळी यादी इमारती लाकडाची होती. मग त्यांनी पाल्याची आणि फळांची झाडे सुचवली, गवत विळ्याने कापून न्यायचे पण गुरे सोडायची नाहीत असे ठरले, आणि खुरपणी त्यांच्याकडे मजुरीने गेली. नांग्या भरताना, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावताना, कुठे काय लावायचे, हेही आता त्याच सांगतात.

आकड्यांचा हा हव्यास केवळ आमच्यासारख्या लहान कामांपुरता नाही. 2011 मध्ये जर्मनीतील बॉन येथे सुरू झालेल्या जागतिक संकल्पाने 2030 पर्यंत 35 कोटी हेक्टरवर वनराई परत आणण्याचे उद्दिष्ट धरले आहे. पण देशांनी दिलेली आश्वासने 2019 मध्ये तपासली गेली, तेव्हा त्यातली सुमारे 45 टक्के जमीन एकाच जातीच्या व्यापारी लागवडीसाठी राखलेली आढळली. ती झाडे काही वर्षांनी तोडायचीच असतात, तरी हेक्टर मोजताना ती जंगलात धरली जातात.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर देणे मला अवघड जाते. गेल्या मोजणीत पहिल्या वर्षीच्या त्या माळावर आम्ही जेवढी जिवंत झाडे नोंदवली, त्यांतली निम्म्याच्या आसपास आमच्या लागवडीच्या वहीत कुठेच नाहीत. ती कोणाच्या नावावर धरायची, हे आमचे अजून ठरलेले नाही.