ब्रिजपासून चार बोटं

श्रावण लागला, गणपतीच्या कार्यक्रमांची प्रॅक्टिस सुरू झाली की हा प्रश्न हमखास येतो. कधी बेळगावच्या टिळकवाडीतल्या कॉलेजच्या पोराकडून, कधी खानापूरहून पाठीला गिटार अडकवून आलेल्याकडून. "सर, आवडत्या वादकाची तीच इलेक्ट्रिक गिटार घेतली, आवाज बदलणारं तेच पेडल घेतलं, व्हिडिओत बघून नॉबसुद्धा तिथंच ठेवले. आवाज मात्र तसा येईना की! आता काय घेऊ सांगा."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. महिनाभर तरी काही घेऊ नका.

"आवाज हातात असतो" हे उत्तर तुम्ही आधीही ऐकलं असेल, आणि त्यानं तुमचं काही भलं झालं नसेल. स्वयंपाकात "हाताला चव असते" म्हणून विषय मिटवतात, तसंच हे. पण हात नेमकं काय करतो हे मोजता येतं. बरंचसं तर साध्या फूटपट्टीनं.

पहिली गोष्ट, तार छेडायची जागा. स्ट्रॅटोकास्टर घराण्यातल्या इलेक्ट्रिक गिटारीत नटापासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (गिटारीच्या अंगावर तार टेकते ती जागा) तार 648 मिलिमीटर असते. मोकळी तार बरोबर मध्यावर, म्हणजे बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) वर छेडली, तर दुसरा, चौथा, सहावा असे सगळे सम उपस्वर (मूळ स्वराबरोबर वाजणारे दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे वरचे स्वर) गळून पडतात. आवाज पोकळ, बासरीच्या अंगाचा होतो. ब्रिजपासून 162 मिलिमीटरवर, म्हणजे तारेच्या चौथ्या हिश्शावर छेडली, की चौथा आणि आठवा उपस्वर जातो. ब्रिजपासून चार बोटांवर आलात की तार आठव्या हिश्शाच्या आसपास छेडली जाते आणि जवळजवळ सगळेच उपस्वर हजर होतात. ब्रिजला अगदी चिकटलात, तर मूळ स्वराचा जोर कमी पडून आवाज पत्र्यासारखा वाजतो. अँपवरचा (अँप्लिफायरवरचा) ट्रेबलचा, म्हणजे तीक्ष्णपणाचा नॉब आहे ते कमी-जास्त करतो. छेडायच्या जागेनं तारेत काय जन्माला येणार तेच ठरतं, आणि जे जन्मालाच आलं नाही ते पुढं नॉब फिरवून येत नाही.

आपल्याकडे गावोगाव भजनी मंडळं आहेत, त्यामुळं हे समजायला अवघड जाऊ नये. तबल्याच्या चाटेवर बोट पडलं की "ना", दोन बोटं आत सरकून मैदानात पडलं की वेगळा बोल. त्यासाठी कुणी दुसरा तबला विकत घेत नाही.

आता यातली मेख. तुम्ही बारावा फ्रेट दाबला की वाजणारी तार उरते 324 मिलिमीटर. हात मघाच्याच 162 मिलिमीटरच्या जागी ठेवलात, तर मोकळ्या तारेसाठी जो चौथा हिस्सा होता तो आता बरोबर मध्य झाला. म्हणजे हात हलला नाही, पण आवाज पोकळ झाला. "सोलो वर चढला की माझा आवाज पातळ होतो" अशी तक्रार बरेच जण करतात, त्यात पुष्कळदा दोष एवढाच असतो. मोकळ्या तारेवर 80 मिलिमीटर असेल, तर तोच रंग बाराव्या फ्रेटवर हवा असताना 40 मिलिमीटरवर या. काही वादक मुद्दाम उलटं करतात, वरच्या स्वरांना मानेकडे सरकून मऊपणा आणतात. तेही बरोबरच, फक्त ठरवून केलेलं असावं.

दुसरी गोष्ट पिक. शेतातलं नव्हे, बोटातलं, तार छेडायचा तो पातळ तुकडा. 0.60 मिलिमीटरचं पिक स्वतःच वाकतं, त्यामुळं तारेला धक्का उशिरा आणि कमी बसतो, वर पिकाचा स्वतःचा "टप" असा आवाज ऐकू येतो. 1 मिलिमीटरच्या पुढचं वाकत नाही, सगळा हिशेब मनगटाकडे येतो. रॉक शिकणाऱ्यानं 0.88 ते 1.14 यांतलं एखादं घ्यावं, असं माझं मत. पण जाडीपेक्षा कोन महत्त्वाचा. पिक तारेला सपाट लागलं तर आघात स्पष्ट येतो. वीस-तीस अंश तिरकं केलं की कड तारेवरून घसरत सुटते. गुंडाळीच्या जाड तारांवर त्यातून खरखर येते आणि डिस्टॉर्शनमध्ये (मुद्दाम फाडलेल्या आवाजात) तीच खरखर दात असल्यासारखी ऐकू येते. तारेच्या खाली टोक एक-दोन मिलिमीटरच जावं. जास्त बुडालं की तार आधी बाजूला खेचली जाते, मग सुटते. वेळ तिथं चुकते, आणि चुकलेली वेळ ऐकणाऱ्याला "घाण टोन" म्हणूनच ऐकू येते.

क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे पिकाऐवजी सहा पेन्सचं जुनं इंग्रजी नाणं वापरतो. कड दातेरी, वाकायचा प्रश्नच नाही. गिटारवादक जेफ बेकनं 1980च्या दशकात पिक जवळजवळ सोडूनच दिलं. अंगठ्याच्या मांसल भागानं तार छेडायची आणि करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर. बोटाचा मऊ, रुंद स्पर्श वरचे उपस्वर दाबतो. म्हणून त्याचा स्वर गळ्यातून आल्यासारखा वाटतो.

तिसरी गोष्ट जोर, आणि इथं बहुतेकांचं गणित उलटं असतं. नऊच्या सेटवर (सगळ्यात बारीक तार 0.009 इंचाची असलेला तारांचा संच) जाड ई तार जोरात हाणून ट्यूनर (स्वर मोजणारं यंत्र) बघा. सुई आधी चढीकडे उडी मारते, मग मागे येते. म्हणजे प्रत्येक जोराचा फटका सुरुवातीला बेसूर आहे. त्यात बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दीड-दोन मिलिमीटर ठेवलेली असेल, तर तार फ्रेटांवर आपटते आणि स्वर टिकतच नाही. मग पोरं काय करतात, तर गेन, म्हणजे अँपमध्ये आवाज फाडणारा जोर, वाढवतात. गेन वाढला की हळू आणि जोरात यांतला फरकच चेपला जातो, हाताचं बोलणं बंद पडतं, आणि नको त्या तारांची गुणगुण मात्र फुगते.

त्याऐवजी असं करा. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा. अँपचा गेन एवढाच ठेवा, की हळुवार छेडल्यावर आवाज जवळजवळ स्वच्छ राहील आणि नेहमीच्या जोरात छेडल्यावर फाटायला लागेल. त्या उंबरठ्यावर पंधरा मिनिटं एकच स्वर वाजवा, G तारेचा सातवा फ्रेट. फोनवर रेकॉर्ड करा. जागा बदला, कोन बदला, जोर बदला, पण एका वेळी एकच. ऐकताना डोळे मिटून कुठला बदल कुठला ते ओळखता आलं, की तुमच्या हातात नवीन पेडल आलं म्हणून समजा.

पाम म्यूटमध्ये, म्हणजे तळव्यानं तार अर्धवट दाबून वाजवण्यात, तर मिलिमीटरचाच खेळ आहे. तळव्याची कड ब्रिजच्या सॅडलवर (तार टेकते त्या तुकड्यावर) अर्धी, तारेवर अर्धी हवी. पाच मिलिमीटर पुढं सरकली की नुसता "ठक", मागं गेली की तार मोकळी.

डावा हात तेवढाच दोषी असतो. उंच फ्रेटांवर बारीक तार गरजेपेक्षा जास्त दाबली की स्वर दहा-बारा सेंट सहज चढतो. एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. स्वच्छ आवाजात ते खपून जातं, डिस्टॉर्शनमध्ये खपत नाही. कारण डिस्टॉर्शन दोन स्वरांच्या फरकातून तिसरा स्वर तयार करतं. षड्ज-पंचम एकत्र वाजवले, की कंपनांचं प्रमाण दोनास तीन आणि फरक एक, म्हणजे षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली. पॉवर कॉर्डचं (या षड्ज-पंचमाच्या जोडीचं) वजन येतं ते इथून. गांधार घातला की बिघडतं. तंबोऱ्यातून आपसूक ऐकू येतो त्या शुद्ध गांधारापेक्षा फ्रेटवरचा गांधार सुमारे 14 सेंट चढा असतो, त्यात तुमच्या दाबाची भर पडली की सगळा चिखल. बोट फ्रेटच्या लगेच मागे ठेवा आणि स्वर वाजेल एवढाच दाब द्या. न वाजणाऱ्या तारांवर उरलेली बोटं अलगद टेकवा.

बेंडचं, म्हणजे तार बाजूला ताणून स्वर चढवण्याचं म्हणाल, तर दोन फ्रेट चढवायला तारेवरचा ताण सव्वापटीच्या थोडा वर न्यावा लागतो. एकट्या बोटाचं ते काम नाही. अनामिका तारेवर, मधलं बोट आणि तर्जनी तिच्या मागे टेकू म्हणून, अंगठा मानेवरून वर आलेला, आणि फिरवायचं मनगट. आधी नववा फ्रेट वाजवून स्वर कानात घ्या, मग सातव्यावरून तिथं चढा. कमी चढलेला बेंड ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक. दुसरी चूक म्हणजे स्वर पोचायच्या आत व्हायब्रॅटो (स्वराला दिलेले झोके) सुरू करणं. मींड ऐकत वाढलेल्या कानाला हे खरं तर शिकवायलाच लागू नये, पण हातात गिटार आली की तो कान कुठं जातो कोण जाणे. आणि लक्षात ठेवा, न ताणलेल्या तारेवरचा व्हायब्रॅटो फक्त वरच जातो. प्रत्येक झोक्याला मूळ स्वरावर परत आला नाहीत तर सगळाच स्वर चढा ऐकू येतो.

"जाड तारा लावल्या तर?" हाही प्रश्न येतो. गिटारवादक स्टीव्ही रे वॉन तेराचा सेट अर्धा स्वर उतरवून वाजवायचा, दुसरा गिटारवादक बिली गिबन्स सातचा लावतो. आवाज दोघांचाही भरघोस. तुम्ही नऊ किंवा दहा लावा आणि तो वाद सोडा.

एका ठिकाणी मात्र हात काही करू शकत नाही. मंडळाच्या स्टेजवर अँप नसतो, प्रोसेसर (पेडलांचं काम करणारा डबा) थेट मिक्सरला जोडतात. तेव्हा त्यातलं कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकरच्या पेटीची नक्कल) बंद राहिलं असेल, तर डिस्टॉर्शन डब्यात माशी अडकल्यासारखं वाजतं. ते आधी चालू करा, मग बोटांना दोष द्या.

आणि आपला पाऊस. जून ते सप्टेंबर इथल्या हवेत साध्या तारांवर आठवड्याभरातच बारीक गंज धरतो. बेंड मध्येच अडकतो आणि आपल्याला वाटतं बोटांत जोर नाही. वाजवून झालं की सुती फडक्यानं प्रत्येक तार खालून-वरून पुसा. घामानं पिक फिरत असेल तर धरायच्या जागी दोन्ही बाजूंनी सँडपेपर घासा, टोकाला मात्र लावू नका.