मनगट धरणारं यंत्र

चाकणच्या एका कारखान्यात मी स्वयंचलित गाड्यांच्या प्रोग्रॅमिंगवर होतो. सुटे भाग घेऊन आपल्या आपण फिरणाऱ्या त्या गाड्यांचा पहिला नियम म्हणजे माणूस दिसला की थांबायचं. लेझर स्कॅनरच्या टप्प्यात पाय आला की ब्रेक. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचा स्कोअर ३ वर्षं चालतो, म्हणून ती नोकरीत असतानाच दिली होती. एम.टेक.ला गेलो आणि प्रबंधाला विषय घेतला, पक्षाघातानंतर मनगटाचा व्यायाम करून घेणारं यंत्र. आता माणसाला टाळायचं नव्हतं, त्याचा हातच धरायचा होता.

पहिला नमुना मला फार आवडला होता. ठरवलेल्या कोनात एका अंशाचाही फरक नाही! फिजिओथेरपिस्ट ताईंनी त्यात स्वतःचा हात ठेवला, पार सैल सोडला आणि म्हणाल्या, "आलेख तसाच येतोय की. मग पेशंटनं काय केलं?" स्नायूंचे ईएमजी, म्हणजे विजेचे संकेत, जवळजवळ सपाट होते. सगळं काम यंत्रच करत होतं.

मग अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नेव्हिल होगन यांचे १९८५चे इम्पीडन्स कंट्रोलवरचे शोधनिबंध पुन्हा काढले. एमआयटी-मॅनस हे हाताच्या व्यायामाचं यंत्र याच विचारावर उभं आहे. यंत्रानं जागा अडवून धरायची नाही, स्प्रिंगसारखं वागायचं. माणसानं ढकललं तर सरायचं, तो अडला तरच हात द्यायचा. मी कडकपणा उतरवला. कोनातली चूक वाढली आणि ईएमजी जागा झाला.

सगळ्यात जास्त वेळ गेला नीतिसमितीत. संमतीपत्राचं मराठी रुग्णाला कळणार नाही म्हणून अर्ज परत आला, आणि ते बरोबरच होतं. वीज गेली तर काय, हाही प्रश्न आला. कारखान्यातल्या गाडीला वीज गेली की ब्रेक लागतो. मी सवयीनं इथेही तोच बसवला होता. आखडलेलं मनगट त्यात अडकून पडलं असतं. तो ब्रेक काढून टाकला, मोटर बंद पडताच मनगट मोकळं होईल अशी रचना केली आणि थांबवायचं बटण रुग्णाच्या चांगल्या हाताशी दिलं. परवानगी मिळाली, सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी झाली, त्यानंतरच पहिला रुग्ण.

ते काका एसटीचे निवृत्त चालक. दहा मिनिटांनी म्हणाले, "पॉवर स्टेअरिंगसारखं आहे रे. पण वळवावं मलाच लागतंय."

मी मदत आणखी एक पायरी कमी केली.