साठ जणांचे सभागृह: सिंध विधानसभेची पहिली वर्षे

गेले काही महिने मी 1937 नंतरच्या सिंध विधानसभेबद्दल मिळेल ते वाचतो आहे. जो प्रांत जवळजवळ नव्वद वर्षे मुंबई इलाख्याचा भाग होता, त्याच्या पहिल्या कायदेमंडळाविषयी मराठीत फारसे लिहिलेले आढळत नाही, याची मला वाचता वाचता खंत वाटत गेली. हे टिपण त्या खंतेतूनच लिहिले आहे.

ब्रिटिश सेनापती चार्ल्स नेपियरने 1843 मध्ये सिंध जिंकला आणि 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडण्यात आला. जोडला गेला तरी तो मुंबईतून खऱ्या अर्थाने चालवला गेला नाही. 1868 च्या एका कायद्याने मुंबईच्या गव्हर्नरचे बरेचसे अधिकार सिंधच्या कमिशनरकडे सोपवता आले आणि हा अधिकारी कराचीत बसून जवळजवळ स्वतंत्रपणे कारभार पाहू लागला. मुंबईच्या कौन्सिलात सिंधचे प्रतिनिधी होते, परंतु त्यांना तक्रार मांडायची तर बोटीने मुंबई गाठावी लागे, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो कमिशनर मात्र कराचीतच असे. या व्यवस्थेत कोणाला जाब विचारायचा हेच स्पष्ट नव्हते. वेगळ्या प्रांताच्या मागणीचे मूळ येथे आहे, असे मला वाटते. 1913 च्या कराची काँग्रेसमध्ये सिंधचे वेगळेपण मांडणारे हरचंदराय विशिनदास हे हिंदू पुढारी होते, ही गोष्ट पुढे विसरली गेली. नंतरच्या दोन दशकांत ही मागणी मुसलमानांची मानली जाऊ लागली आणि अल्पसंख्य होण्याच्या भीतीने बहुतेक हिंदू पुढारी तिच्या विरोधात गेले.

1 एप्रिल 1936 रोजी सिंध स्वतंत्र प्रांत झाला आणि सर लान्सलॉट ग्रॅहम पहिले गव्हर्नर म्हणून कराचीत आले. सगळे धागे अर्थातच तुटले नाहीत. लोकसेवा आयोग मुंबई आणि सिंध यांचा सामायिकच राहिला, आणि कराची व सिंधमधील हैदराबादची महाविद्यालये पुढेही मुंबई विद्यापीठाच्याच परीक्षा देत राहिली. तिजोरीची अवस्था नाजूक होती. सक्करचे धरण 1932 मध्ये सुरू झाले होते, त्याचे आणि त्याच्या कालव्यांचे प्रचंड कर्ज नव्या प्रांताच्या डोक्यावर होते, आणि केंद्राच्या वार्षिक मदतीशिवाय अंदाजपत्रक जुळणे अशक्य होते.

1935 च्या भारत सरकार कायद्याने सिंधला एकच सभागृह दिले आणि त्यात 60 जागा ठेवल्या. त्यांपैकी 33 मुसलमान मतदारसंघांच्या आणि 18 सर्वसाधारण, म्हणजे मुख्यतः हिंदूंच्या, होत्या. उरलेल्या नऊ जागांची वाटणी युरोपियन 2, व्यापार व उद्योग 2, जमीनदार 2, कामगार 1 आणि स्त्रिया 2 अशी होती. 33 मुसलमान जागा म्हणजे कागदावर स्पष्ट बहुमत; परंतु त्या जागांवर निवडून आलेले लोक एका पक्षाचे नव्हते, आणि बऱ्याच ठिकाणी खऱ्या अर्थाने ते कोणत्याच पक्षाचे नव्हते. निवडणूक लढवली ती मीर, पीर, सय्यद आणि मोठे वडेरे, म्हणजे जमीनदार, यांनी आपापल्या मुलखातील वजनावर. सिंध युनायटेड पार्टी हा सर्वांत मोठा गट ठरला खरा, परंतु तिचे दोन्ही प्रमुख नेते पडले: लाडकान्यात सर शाहनवाज भुट्टो यांना शेख अब्दुल मजीद सिंधी यांनी हरवले आणि कराचीत सर अब्दुल्ला हारून यांना अल्लाहबक्ष गबोल यांनी. काँग्रेसला दोन आकडी संख्या गाठता आली नाही. मुस्लिम लीगचे अस्तित्व त्या निवडणुकीत नाममात्रच होते.

आता ग्रॅहमसाहेबांनी काय करावे? त्यांनी सर्वांत मोठ्या गटाला बाजूला ठेवून सर गुलाम हुसेन हिदायतुल्ला यांना पाचारण केले. त्यांचा स्वतःचा पक्ष अगदी लहान होता. परंतु मुंबई सरकारात मंत्री आणि नंतर कार्यकारी मंडळाचे सदस्य म्हणून त्यांनी बरीच वर्षे काढली होती, आणि गव्हर्नरला अशा सरावलेल्या माणसाचा भरवसा वाटणे स्वाभाविक होते. मला मात्र हा निर्णय त्या सभागृहाच्या जन्मालाच चिकटलेला दोष वाटतो. मोठ्या गटातील सदस्यांना पहिल्याच महिन्यात कळून चुकले की सत्ता हवी असेल तर गट सोडावा लागतो, आणि तसे ते सोडत गेले. 27 एप्रिल 1937 रोजी कराचीत सभा प्रथम भरली, भोजसिंग गुरदिनोमल पहलाजानी सभापती झाले, आणि हिदायतुल्ला हे त्या वेळच्या भाषेत मुख्य प्रधान झाले. त्यांचे बहुमत हिंदू सदस्य, युरोपियन सदस्य आणि युनायटेड पार्टीतून फुटून आलेले यांच्या बेरजेवर उभे होते.

ही बेरीज एक वर्षही टिकली नाही. मार्च 1938 मध्ये अंदाजपत्रकाच्या चर्चेत एका कपात सूचनेवर, म्हणजे मागितलेला खर्च कमी करण्याच्या प्रस्तावावर, सरकार पराभूत झाले आणि शिकारपूरचे अल्लाहबक्ष सूमरो मुख्य प्रधान झाले. जेमतेम वर्षभराच्या सभागृहाने मतदानाने सरकार पाडले, ही गोष्ट मी कमी लेखणार नाही. कमिशनरला जाब विचारता येत नव्हता. आता मुख्य प्रधानाला विचारता येत होता. परंतु 60 जणांच्या सभागृहात तीन-चार माणसे इकडची तिकडे झाली की सरकार जाते, आणि त्या तीन-चार माणसांची किंमत, मग ती मंत्रिपदाची असो की आपल्या तालुक्यातील वर्चस्वाची, भलतीच वाढते. ज्यांना पाडले ते हिदायतुल्लाही पुढे अल्लाहबक्षांच्याच मंत्रिमंडळात मंत्री म्हणून येऊन बसले.

अल्लाहबक्ष यांची खरी कसोटी धरणाच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीच्या सारा आकारणीत लागली. कर्ज फेडायचे तर सारा वाढवणे भाग होते, आणि पिकाच्या बाजारभावाप्रमाणे कमीजास्त होणारी नवी आकारणी त्यांच्या सरकारने स्वीकारली. त्यावर काँग्रेसचे सदस्य आणि सभेतील एक प्रमुख सदस्य जी. एम. सय्यद त्यांच्यापासून दूर गेले. पुढे सक्करच्या मंझिलगाह या, मुसलमान मशीद म्हणून मागत असलेल्या, वास्तूवरून 1939 मध्ये भीषण दंगल झाली आणि एप्रिल 1940 मध्ये हेही सरकार गेले. मीर बंदेअली तालपूर आले, वर्षभरात गेले, आणि मार्च 1941 मध्ये पुन्हा अल्लाहबक्ष आले.

या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. एप्रिल 1940 मध्ये दिल्लीत फाळणीच्या कल्पनेला विरोध करणाऱ्या आझाद मुस्लिम परिषदेचे ते अध्यक्ष होते. 1942 च्या आंदोलनातील दडपशाहीच्या निषेधार्थ त्यांनी सरकारी किताब परत केले आणि सभागृहाचा पाठिंबा गमावलेला नसतानाही गव्हर्नर सर ह्यू डाउ यांनी ऑक्टोबर 1942 मध्ये त्यांना पदावरून दूर केले. त्यांच्या जागी पुन्हा हिदायतुल्ला आले. पुढच्या मे महिन्यात शिकारपुरात अल्लाहबक्ष यांचा खून झाला.

साडेपाच वर्षांत पाच मंत्रिमंडळे झाली, आणि या सगळ्या काळात मतदाराला एकदाही विचारले गेले नाही, कारण युद्धामुळे 1937 चेच सभागृह 1946 पर्यंत चालू राहिले. ज्या सभागृहात लीगला निवडणुकीतून जवळजवळ प्रवेशच मिळाला नव्हता, त्याच सभागृहात 3 मार्च 1943 रोजी पाकिस्तानच्या बाजूचा ठराव जी. एम. सय्यद यांनी मांडला आणि तो संमत झाला. त्या ठरावावर मतदारांचे मत तोवर कोणी घेतले नव्हते. सिंधच्या राजकारणाचा हा बदल समजून घेताना मी आता मोठ्या परिषदांपेक्षा या लहान सभागृहातील ये-जा अधिक पाहतो.

सुरुवातीला सभेला स्वतःची इमारतही नव्हती. 1942 मध्ये नवी इमारत तयार होण्यापूर्वी सभेच्या बैठका कराचीच्या नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूलमध्येही भरत. ज्यांचे नाव त्या शाळेला आहे ते वैद्य हे सिंधच्या शिक्षण खात्यात काम केलेले मराठी गृहस्थ होते. नव्या इमारतीत ऑगस्ट 1947 मध्ये पाकिस्तानची घटना समिती प्रथम भरली.

स्त्रियांच्या दोन जागांवर 1937 मध्ये जेनुबाई अल्लाना आणि जेठी सिपाहीमलानी निवडून आल्या. जेठीबेन पुढे सभेच्या उपसभापती झाल्या. फाळणीनंतर त्या मुंबईत आल्या, निर्वासितांसाठी नवजीवन सोसायटी उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला, आणि ज्या इलाख्यापासून त्यांचा प्रांत वेगळा झाला होता, त्याच मुंबईच्या विधान परिषदेत त्या उपसभापतींच्या आसनावर बसल्या.